पॅरिसला कार घेऊन रोमला सोडावी का?

नाशिकच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे: "आम्ही सहा जण. मी, बायको, तेरा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी, आई (६७) आणि बाबा (७२). जूनमध्ये पंधरा दिवस. पॅरिस तीन, इंटरलाकेन चार, व्हेनिस दोन, टस्कनी तीन, रोम तीन. सात सीटर गाडी पॅरिसला घेऊन रोमला सोडायचा विचार आहे, नेटवर दिवसाचं भाडं बरं दिसतंय. मी अठरा वर्षं गाडी चालवतो, नाशिक-मुंबई तर महिन्यातून चार वेळा. मित्र म्हणतो रेल्वेनेच जा. एकच काय ते सांगा."

एकच सांगितलं तर ते चुकीचं निघेल. आणि मराठीत रुळावरचीही गाडीच आणि रस्त्यावरचीही गाडीच, म्हणून घोळ नको. खाली रस्त्यावरचीला मी कारच म्हणते; रेल्वे किंवा गाडी म्हटलं तर ती रुळावरची.

मी सोळा वर्षं श्टुटगार्टला राहते. त्यातली दहाएक वर्षं महाराष्ट्रातून येणाऱ्या कुटुंबांच्या सहली आखून देते. कार चालवते, रेल्वेने भरपूर फिरते, आणि दोन्हींनी मला एकेकदा रडवून सोडलेलं आहे. तेव्हा मी कुठल्याच पार्टीची नाही.

तुमचा प्रश्न मी असा वाचते: पाच मुक्काम आहेत. त्यातली तीन मोठी शहरं, एक डोंगरातलं गाव (स्वित्झर्लंडचं इंटरलाकेन) आणि एक खेडोपाडी पसरलेला मुलूख (इटलीतलं टस्कनी). यांपैकी कुठल्या टप्प्यावर कार कामाची आणि कुठल्या टप्प्यावर ती गळ्यातलं लोढणं? असं टप्प्याटप्प्याने पाहिलं की वाद बराच मिटतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: देश ओलांडायला रेल्वे, आणि टस्कनीच्या तीन दिवसांपुरती कार, फ्लोरेन्सला घेऊन फ्लोरेन्सलाच परत. आता कारणं.

आधी ते "बरं दिसणारं" भाडं. शोधताना तुम्ही घ्यायची आणि सोडायची जागा दोन्ही पॅरिसच टाकली असणार. सोडायची जागा रोम टाकून पुन्हा बघा. फ्रेंच नंबरप्लेटची कार इटलीत पडून राहिली तर कंपनीला तिचा उपयोग नसतो, कुणीतरी ती परत आणावी लागते, आणि तो खर्च तुमच्याच बिलात येतो. मी याला सोडणावळ म्हणते. ती कित्येक शे युरोंची असते. मागे पुण्याच्या एका कुटुंबासाठी मी चौकशी केली तेव्हा सोडणावळ दहा दिवसांच्या भाड्यापेक्षा जास्त निघाली होती. मोठ्या कारच्या बाबतीत तर अनेकदा "या गटात दुसऱ्या देशात सोडण्याची सोय नाही" असंच उत्तर येतं. तेव्हा देशांमधल्या प्रवासाला कार घ्यायचीच असेल तर मार्ग गोल आखा, जिथे घेतली तिथेच सोडा. पॅरिस ते रोम ही सरळ रेघ आहे, आणि सरळ रेघेला भाड्याची कार महाग पडते.

मग टोल. फ्रान्स आणि इटलीत महामार्गाचा टोल अंतरावर, आपल्या समृद्धीसारखा. स्वित्झर्लंडची रीत वेगळी: ४० फ्रँकचं एक विन्येट, म्हणजे टोलचा स्टिकर, घ्यायचं, ते वर्षभर चालतं, आणि तुम्ही चारच दिवस राहिलात तरी किंमत तीच. २०२३ पासून ते नंबरप्लेटवर ऑनलाइनही मिळतं. नसलं आणि सापडलात तर २०० फ्रँक दंड, वर विन्येट घ्यावं लागतं ते वेगळंच. मों ब्लां बोगद्यातून इटलीत उतरलात तर एका खेपेचे पन्नास युरोंहून जास्त. गॉटहार्डच्या रस्त्याच्या बोगद्याला विन्येटशिवाय वेगळं काही लागत नाही, पण सतरा किलोमीटरचा तो बोगदा जायला एक लेन, यायला एक लेन असा आहे. उन्हाळ्यातल्या शनिवारी त्याच्या तोंडाशी लागणारी रांग पाहिली की कसारा घाटातला ट्रॅफिक आपुलकीचा वाटायला लागतो.

हे सगळे आकडे मांडून झाले तरी मी लोकांना जो प्रश्न सगळ्यात आधी विचारते तो राहतोच: कार रात्री झोपणार कुठे? पॅरिसमध्ये तीन दिवस तिला हात लावायची गरज नाही, मेट्रो आहे. व्हेनिसमध्ये रस्ता पियात्साले रोमा नावाच्या चौकात संपतो, पुढे पाणी. तिथल्या किंवा त्रोंकेत्तोच्या वाहनतळावर कार उभी करायची आणि दिवसाचे पैसे मोजत राहायचं. रोमच्या जुन्या भागात हॉटेल घेतलंत तर कार दारापर्यंत नेताच येत नाही. म्हणजे तुमच्या पंधरा दिवसांपैकी आठ दिवस कार नुसती उभी, आणि भाडं व पार्किंग दोन्ही चालू. इंटरलाकेनलाही ती अर्धीच उपयोगाची. लाउटरब्रुनेन आणि ग्रिंडेलवाल्डपर्यंत रस्ता आहे, पण वेंगेन आणि म्युरेन ही गावं वाहनमुक्त आहेत आणि युंगफ्राउयोखला जायला डोंगरातली रेल्वेच लागते. कार खाली ठेवून वर रेल्वेनेच जायचं, तर ती खाली तरी कशाला आणायची?

आता डिकी. सात सीटर कारमध्ये सात माणसं बसतात हे खरं. पण तिसरी रांग उघडली की मागे उरते ती दोन हँडबॅगांची जागा. सहा माणसं आणि भारतातून आणलेल्या मोठ्या बॅगा (त्यात चकल्या, लाडू, कधीकधी इंडक्शन शेगडीसुद्धा, मी सगळं पाहिलेलं आहे) सात सीटरमध्ये मावत नाहीत. पहिल्या दिवशी भाड्याच्या काउंटरसमोर कुणाच्या तरी मांडीवर बॅग द्यावी लागते, आणि तिथून भांडण सुरू होतं. मग नऊ सीटर व्हॅन घ्यावी लागते. ती साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येते, पण बहुतेकदा गिअरचीच मिळते आणि उंच असते. एकदा पाहुण्यांसोबत अशीच व्हॅन घेऊन आम्ही रात्री दहाला हॉटेलवर पोचलो, तर तळघरातल्या पार्किंगच्या कमानीवर उंचीची मर्यादा १.९० मीटर, आणि आमची व्हॅन त्याहून सात-आठ सेंटिमीटर उंच. त्या रात्री मी ती व्हॅन दीड किलोमीटरवर लावून चालत परत आले. तेव्हापासून हॉटेलला "पार्किंग आहे का" एवढंच विचारत नाही, "उंची किती" हेही विचारते.

तुमच्या चालवण्याबद्दल. पावसाळ्यात कसारा उतरणाऱ्या माणसाला युरोपात कार झेपणार नाही असं मी म्हणणार नाही, झेपेल. अडचण हाताच्या सवयीची आहे. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. इंडिकेटरची दांडी आपल्याकडे उजवीकडे असते, इथे डावीकडे, त्यामुळे पहिले दोन दिवस प्रत्येक वळणाला वायपर सुरू होतो. घरचे हसतात. हे हसण्यावारी जातं. जात नाही ती दुसरी गोष्ट: खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. मग तो बारक्या गल्लीतून सायकलवर येवो. तुम्ही मोठ्या रस्त्यावर आहात असं तुम्हाला वाटत असतं, त्याला तसं वाटत नसतं, आणि तो थांबत नाही. महामार्गावर डावी लेन फक्त ओव्हरटेक करण्यापुरती, उजवीकडून कुणाला मागे टाकायचं नाही. स्वित्झर्लंडमध्ये कमाल वेग १२०, आणि थोडा जास्त झाला तरी कॅमेरा माफ करत नाही.

आणि हे सगळं कधी? तुमच्या बेतात पॅरिस सोडण्याच्या दिवशी, साडेसहाशे किलोमीटर, एकाच बैठकीत. तुम्ही चालवणार म्हणजे तुम्ही काही बघणार नाही, आणि बाबा मागे बसून दर पन्नास किलोमीटरला "थांबू या का जरा" विचारणार. रेल्वेत स्वच्छतागृह दहा पावलांवर असतं. सत्तरीच्या माणसाच्या हिशेबात ही फार मोठी गोष्ट आहे, आणि प्रवास आखणारी तरुण मंडळी ती नेमकी विसरतात.

इटलीच्या शहरांबद्दल थोडं थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसे लोकांनी तिथेच घालवलेले मी पाहिलेत. तिथे जुन्या शहरभागांत मर्यादित वाहतुकीचे पट्टे असतात, त्यांना झेडटीएल म्हणतात. फ्लोरेन्स, रोम, पिसा, बोलोन्या, सिएना, सगळीकडे. फाटक नसतं, हवालदार नसतो. असतो तो पांढरा गोल, त्याला लाल कडा, खाली वेळा लिहिलेल्या इटालियनमध्ये, आणि वर एक कॅमेरा. तुम्ही जीपीएसच्या मागे मागे आत शिरता. काहीच होत नाही. छान जेवता, फिरता, नाशिकला परत जाता.

२०१४ मध्ये माझे आईवडील आले होते तेव्हा मी हेच केलं. हॉटेल सापडेना म्हणून त्याच त्या गल्लीतून तीन फेऱ्या मारल्या. आई म्हणत होती, "अगं हेच दुकान मघाशी दिसलं होतं." आठ महिन्यांनी तीन पत्रं आली, एकाच गल्लीच्या, पंधरा मिनिटांतल्या तीन फेऱ्यांची. प्रत्येक फेरी म्हणजे वेगळा गुन्हा. त्याआधी भाड्याच्या कंपनीने माझा पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल माझ्या क्रेडिट कार्डातून तीन वेळा शुल्क कापून घेतलं होतं, ते मला तोपर्यंत कळलंही नव्हतं. इटलीबाहेर राहणाऱ्याला असं पत्र पाठवायला तिथला कायदा ३६० दिवसांची मुदत देतो, तेव्हा सहा महिने झाले म्हणजे सुटलो असं समजू नका. हॉटेल त्या पट्ट्यात असेल तर तुमच्या कारचा नंबर हॉटेलवाले नोंदवून देऊ शकतात, पण ते आधी सांगावं लागतं. सोपा मार्ग म्हणजे इटालियन शहरात कार न्यायचीच नाही.

आता रेल्वेची दुखणी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई तिकिटं विकते.

पहिलं दुखणं उशीर, आणि ते देशागणिक वेगळं आहे. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळ लावून घ्या. जर्मनीबद्दलचा आपल्या लोकांचा समज मात्र जुना झाला. २०२४ मध्ये इथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि "वेळेवर" म्हणजे सहा मिनिटांच्या आतला उशीर धरून. फार उशिरा आलेल्या जर्मन गाड्या स्विस लोक सरहद्दीवरच्या बासेललाच थांबवतात आणि प्रवाशांना आपल्या वेळच्या गाडीत बसवतात, म्हणजे त्यांचं वेळापत्रक बिघडत नाही. तुमचा मार्ग जर्मनीतून जात नाही हे तुमचं नशीब. ज्यांचा जातो त्यांना मी सांगते: मधल्या बदलाला चाळीस मिनिटं ठेवा, आणि दिवसातली शेवटची गाडी कधीही धरू नका. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असेल तर पुढची गाडी चुकल्याची जबाबदारी रेल्वेची. दोन ठिकाणांहून सुटी तिकिटं घेतलीत तर ती तुमची. युरोपीय नियमाप्रमाणे मुक्कामाला एक तास उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के आणि दोन तास झाला तर ५० टक्के परत मागता येतात. मागावे मात्र लागतात, आपोआप येत नाहीत.

दुसरं दुखणं संप. फ्रान्स आणि इटलीत ते जाहीर करून होतात, इटलीत बरेचदा शुक्रवारी. प्रवासाच्या आठवडाभर आधी बातमी बघितली की कळतं. कधी निसर्गच संप करतो: ऑगस्ट २०२३ मध्ये फ्रान्समधल्या मॉरिएन खोऱ्यात दरड कोसळली आणि पॅरिस-मिलान थेट रेल्वे मार्च २०२५ च्या अखेरीपर्यंत बंद राहिली. उन्हाळ्यात रुळांची मोठी कामंही काढतात, म्हणून तिकीट घेताना त्या तारखेला मधला तुकडा बसने तर नाही ना, हे बघा.

तिसरं, आणि सहा जणांच्या कुटुंबाला सगळ्यात बोचणारं, म्हणजे पैसे. कारचं भाडं माणसांवर वाढत नाही, रेल्वेचं वाढतं. सहा तिकिटं आयत्या वेळी घेतलीत तर मित्राला शिव्या द्याल. लांबच्या गाड्यांची तिकिटं विमानासारखी असतात, आधी स्वस्त, मग चढत जाणारी. साधारण तीन ते सहा महिने आधी विक्री उघडते आणि त्या पहिल्या आठवड्यांतच घ्यायची. तेव्हा घेतलेल्या सहा तिकिटांची बेरीज मी सोडणावळ, टोल, इंधन आणि पार्किंगच्या बेरजेशी अनेकदा ताडून पाहिलेली आहे. तुमच्यासारख्या सरळ रेघेच्या मार्गावर रेल्वे स्वस्त पडते किंवा फार तर बरोबरीत येते. गोल मार्गावर, चार-पाच जण असतील तर कार जिंकते, हेही तितकंच खरं.

पास घ्यावा का, हा पुढचा प्रश्न येणारच. अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा युरेल पास तुम्हाला परवडणार नाही असं माझं मत. तुमचे लांबचे प्रवास मोजून चार आहेत, आणि पास असला तरी फ्रान्स आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत आरक्षणाचे पैसे वेगळे द्यावे लागतात. स्विस ट्रॅव्हल पासचा विचार मात्र करा. त्यात रेल्वे, बस, थून आणि ब्रिएंझच्या तळ्यांतल्या बोटी आल्या, आणि आईबाप पासवर असतील तर सोळा वर्षांखालची मुलं फुकट. फक्त युंगफ्राउयोखच्या वरच्या टप्प्यावर सवलत २५ टक्केच मिळते, तिथे फुकट जायला मिळेल या आशेवर राहू नका.

तुमचा मार्ग मी असा लावेन.

पॅरिसच्या गार द लियोंवरून बासेल सुमारे तीन तास, तिथून इंटरलाकेन दोन तास. पॅरिसला वेगवेगळ्या दिशांची वेगवेगळी स्टेशनं आहेत. लंडन-ॲमस्टरडॅमची गार द्यू नोर, जर्मनीची बरीचशी गार द लेस्त. मुंबईत दादरऐवजी एलटीटीला जाऊन उभं राहण्यासारखी गत दर उन्हाळ्यात कुणाची तरी होते. फलाट वीसेक मिनिटं आधी कळतो आणि सुटायच्या दोन मिनिटं आधी प्रवेश बंद होतो, धावत येऊन दांडी पकडण्याची सोय इथे नाही.

इंटरलाकेनहून व्हेनिस हा सगळ्यात लांब दिवस, बदल धरून सहा-सात तास. श्पिएत्सला गाडी बदलून थेट मिलान, तिथून अडीच तासांत व्हेनिस. वाटेत २००७ चा लोएचबेर्गचा पायथ्याचा बोगदा आणि १९०६ चा सिम्प्लॉन, दोन्ही बाबांना आधी सांगून ठेवा, आजोबा मंडळींना बोगद्याची लांबी विचारायला आवडते: पहिला ३४.६ किलोमीटर, दुसरा जवळजवळ २०. स्विस पास इटलीत शिरल्यावरच्या डोमोडोस्सोला स्टेशनपर्यंत चालतो, पुढचंच तिकीट घ्यायचं. व्हेनिसचं तिकीट "सांता लुचिया" स्टेशनचं घ्या. "मेस्त्रे" हे अलीकडचं, जमिनीवरचं गाव.

व्हेनिसहून फ्लोरेन्स सव्वादोन तास. आणि इथे कार घ्या.

टस्कनीत मी रेल्वेचा आग्रह धरणार नाही. पिएंझा, मोंतेपुल्चानो, वाल दोर्चाच्या टेकड्या, शेतातलं घर भाड्याने घेऊन राहणं, यातलं काहीही रेल्वेने धड होत नाही. बस आहेत, पण दिवसाला मोजक्या आणि रविवारी त्याहून कमी. कार शहरातून न घेता फ्लोरेन्सच्या विमानतळावरून घ्या, शहरातून तिथे ट्राम जाते. म्हणजे झेडटीएलचा संबंधच येत नाही. मोठ्या बॅगा तुमच्याबरोबर राहणार, त्यामुळे नऊ सीटर किंवा दोन लहान कार. वहिनी चालवत असतील तर मी दोन लहान ऑटोमॅटिक घेईन. गावातले रस्ते अरुंद आहेत आणि लहान कार कुठेही मावते. सान जिमिन्यानो, सिएना अशा तटबंदीच्या गावांत कार तटाबाहेरच्या पार्किंगमध्ये ठेवायची, आत शिरायचं नाही. तीन दिवसांनी कार तिथेच परत करून दीड तासात रेल्वेने रोम.

कारसाठी निघण्याआधी करायची कामं: आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना, फॉर्म ४अ, शुल्क एक हजार रुपये, मुदत एक वर्ष. इटलीत भारतीय लायसन्ससोबत तो लागतोच, आणि मूळ लायसन्स घरी ठेवून चालत नाही. दोघं चालवणार असाल तर दोघांचा काढा. डिपॉझिट अडकवायला चालवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. फोरेक्स कार्ड बहुतेक काउंटरवर नाकारतात, आणि मग पैसे भरलेले असूनही कार मिळत नाही. विमा असला तरी नुकसानीचे पहिले काहीशे ते दीड-दोन हजार युरो तुमच्या खिशातले असतात, तो आकडा करारात बघा. कार घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकांच्या रिमचासुद्धा. मुलीची उंची दीड मीटरच्या आत असेल तर बूस्टर सीट बंधनकारक. आणि पेट्रोल भरताना एक फसवा शब्द: इटलीत "गासोलिओ" म्हणजे डिझेल. पेट्रोल हवं असेल तर "बेंझिना". वाचायला उलटं वाटतं, म्हणूनच लोक चुकतात.

आता माझं उत्तर कुठे बदलेल तेही सांगते, कारण हे वाचणाऱ्या सगळ्यांचा मार्ग तुमच्यासारखा नसेल.

मार्ग गोल आणि आटोपशीर असेल तर सरहद्द ओलांडायलाही कार उत्तम. माझा आवडता फेरा म्हणजे फ्रायबुर्ग, पलीकडे फ्रान्समधलं कोल्मार आणि आसपासची द्राक्षमळ्यांची गावं, खाली बासेल आणि परत ब्लॅक फॉरेस्ट. तीन देश, रोज तास-दीड तासाचा प्रवास, आणि कार जिथे घेतली तिथेच परत. बासेलच्या विमानतळाची एक गंमत आहे: तो उभा आहे फ्रान्सच्या जमिनीवर, आणि आत एक फ्रेंच बाजू, एक स्विस बाजू. स्विस बाजूच्या कारला विन्येट लागलेलं असतं, फ्रेंच बाजूच्या कारला नसतं. कुठल्या बाजूची कार बुक केली ते नीट वाचा.

क्रोएशियाच्या किनाऱ्यालाही कारच, कारण दुब्रोव्निकला रेल्वे जातच नाही. तिथे आपल्याला जपायची गोष्ट म्हणजे व्हिसा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात आहे, बोस्निया नाही. पूर्वी दुब्रोव्निकच्या रस्त्यात बोस्नियाची किनारपट्टी आडवी यायची. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाचचा पूल झाल्यापासून ती टाळता येते. पण "एवढे आलोच आहोत तर मोस्तार बघून येऊ" म्हणून सिंगल एंट्री व्हिसावर बोस्नियात शिरलात तर परत येता येणार नाही. भाड्याच्या करारातही कुठल्या देशात कार न्यायला परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. शेंगेनच्या आतसुद्धा पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत ठेवू नका. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या सरहद्दींवर तपासणी सुरू केलेली आहे, रेल्वेतही होते.

इथे नव्याने राहायला आलेल्या मुलामुलींसाठी जाता जाता: जर्मनीत पत्ता नोंदवल्यावर भारतीय लायसन्स सहाच महिने चालतं. आणि तुमचा पास युरेल नसून इंटररेल, कारण तो राहण्याच्या जागेवर ठरतो, पासपोर्टवर ठरत नाही.

परत नाशिककरांकडे. व्हिसा हातात आला नसेल तर आत्ता फक्त पैसे परत मिळणारी हॉटेलं आणि टस्कनीची कार बुक करा, दोन्ही रद्द करता येतात. हॉटेलं स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांच्या आतली बघा, सहा जणांना दोन टॅक्सी लागतात हे लक्षात ठेवून. व्हिसा आला की त्याच दिवशी पॅरिस-बासेल आणि मिलान-व्हेनिसची तिकिटं घ्या, त्यांचे दर सगळ्यात लवकर चढतात. स्वित्झर्लंडमधल्या प्रवासाची घाई नाही. आणि बॅगा सहा नकोत, मध्यम आकाराच्या चार आणा. रेल्वेत चढताना दोन-तीन पायऱ्या असतात आणि हमाल नसतो.

एक गोष्ट तुम्ही मला कळवा: बाबा एका दमात किती पायऱ्या चढतात? व्हेनिसचे पूल पायऱ्यांचे आहेत, आणि तिथलं हॉटेल स्टेशनच्या अलीकडे घ्यायचं की पुलापलीकडे, ते त्यावर ठरेल.